मडम पूर्णगडाला निघाली

आमच्या घरात सकाळी आधी कोण खोकतं यावर दिवसाचा रंग ठरायचा. आधी आबा खोकले, तर दिवस बरा जायचा. ते ओटीवर येऊन चूळ भरणार, आईच्या हातचा बिनदुधाचा चहा घेणार आणि मग अंगणात माडाच्या झापांनी शाकारलेल्या माटवाखाली, म्हणजे मांडवाखाली, जाऊन मडमेला उठवणार, असा क्रम होता. पण आबांच्या आधी मडमच खोकली, तर समजावं की आबा उजाडायच्या आधीपासून तिच्या पोटात हात घालून बसलेत आणि आज घरात कुणी कुणाशी सरळ बोलणार नाही. आबा म्हणजे माझे वडील, आणि मडम म्हणजे आमची गाडी.

गाडी विलायतेत जन्मलेली. गोल पाठीची, फुगऱ्या गालांची, दोन डोळे जवळजवळ असलेली. तिच्या बॉनेटवरचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की जाणकार मंडळी मॉडेल कुठलं, साल कुठलं म्हणून माझं डोकं खातील, आणि मला ती गाडी म्हणून आठवतच नाही. घरातली एक कुरकुरी बाई म्हणून आठवते. वळायचं असलं की दाराशेजारच्या खाचेतून एक पिवळी दांडी हातासारखी बाहेर यायची. उजवीकडची गुणी होती. डावीकडची एकदा आली की आत जायचं नाव घेत नसे, मग मी खिडकीतून हात काढून तिला चापट मारून बसवायची. रत्नागिरीत तेव्हा गाड्या मोजक्याच, त्यामुळे आम्ही बाजारात शिरलो की मडम डावीकडे वळणार म्हणजे मी चापट मारणार, हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. शाळेतली पोरं तर ती चापट बघायला थांबायची.

आबांचा जन्म गेला मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये. तेलवाला म्हणून चढले आणि फिटर म्हणून उतरले. माझ्या लहानपणी आबा म्हणजे वर्षातून एकदा येणारा, साबणाचा आणि डिझेलचा मिळून वास असलेला एक पाहुणा. ते यायचे तेव्हा घरात ताजी मासळी यायची, पाट्यावर वाटण व्हायचं, सारात कोकम पडायचं. ते गेले की आई ताजी मासळी घरातच आणायची नाही. कुळथाचं पिठलं, सुकटीची चटणी, नाचणीची भाकरी. कोळीण दारात टोपली उतरवून बसली तरी आई आतूनच ओरडायची, "नको गो, वासानं डोकं चढतं!" मिऱ्याच्या किनाऱ्यावर घर असलेल्या बाईचं मासळीच्या वासानं डोकं चढतं, यात काही विचित्र आहे, हे मला त्या वयात सुचलं नाही.

मग आबांची बोट भंगारात गेली आणि आबा कायमचे घरी आले. कायमचे म्हणजे काय, हे त्यांना समजेना. बोटीवर चार तास काम, आठ तास विश्रांती, अशी पाळी असायची. घरीही ते तसेच भलत्या वेळी उठून अंगणात येरझाऱ्या घालायचे. विहिरीचा रहाट खोलून परत बसवला. शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप कुणी न सांगता खोलला. आईचा शेवयांचा सोऱ्याही खोलून बघितला, आणि सोऱ्यात खोलण्यासारखं काही नसतं हे कळल्यावर हिरमुसले. आई मला म्हणायची, "ह्यो मानूस पाव्हना म्हनूनच बरा होता." बोलायची हसून, पण डोळे आबांच्या येरझाऱ्यांवर असायचे. हा माणूस पुन्हा जाणार, हे तिला दिसत होतं.

अशात गावातल्या एका म्हाताऱ्या वकिलांची गाडी आमच्या अंगणात आली. वकिलांच्या मुलांना ती नको होती, तिला चालवणं म्हणजे सासू सांभाळणं होतं. आबांना तेच हवं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी पेटाऱ्यातून चामड्याच्या पट्ट्यात गुंडाळलेले पाने काढले. कुठल्याशा विलायती बंदरातल्या जुन्या बाजारातून, असावेत म्हणून घेऊन ठेवलेले. आपल्याकडचे पाने मडमेच्या नटांना बसत नसत, एक तर सैल व्हायचे नाहीतर अडायचे. हे मात्र चपखल बसले. "बघितलंस बाय? गाववाले भेटले," आबा म्हणाले. त्या दिवसापासून त्यांच्या येरझाऱ्या थांबल्या. आई गाडीला सवत म्हणू लागली. "आधी सवतीला तेल घाला, मग डोक्याला लावा," असं तिचं दिवसभर चालायचं. गाडीत ती कधी बसायची नाही. बाजारातसुद्धा चालत जायची आणि आम्ही मडमेतून परत येताना वाटेत दिसली तर मान फिरवायची.

आबांच्यात आणि माझ्यात मडमेमुळे एक नवंच नातं तयार झालं. इंजिनरूमनं आबांचे कान खाल्ले होते. उजव्या कानाशी जाऊन मोठ्यानं बोललं तर ऐकायचे, पण बारीक आवाज त्यांच्या जगातून गेलेच होते. पाखरं, दुधाचं उतू जाणं, कुलपातली किल्ली, काही नाही. इंजिन ते हातानं ऐकायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचे आणि त्याची लाकडी मूठ दातात धरायचे, म्हणजे धडधड कवटीत पोचायची. पण दातात न येणारे आवाज असतात, आणि त्यासाठी मी होते. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. परकर-पोलक्याचं वय सरलेलं, लग्नाचं बोलणं अजून दाराशी यायचं होतं, आणि मधल्या त्या मोकळ्या जागेत मी बॉनेटखाली कान लावून उभी असायची. "काय बोलते ती?" आबा विचारायचे. मी त्यांच्या कानात ओरडून सांगायची: उजवीकडे टकटक, मागे शीळ, वेग सोडला की फुसफूस. किल्ली फिरवली की पेट्रोलचा पंप टिकटिकायचा, भिंतीवरची पाल चुकचुकते त्याहून थोडा जलद. तो मला फार आवडायचा. पुढे आयुष्यभर मी आयटीआयमध्ये पोरांना मशिनी शिकवल्या. आता माझ्या भाच्याच्या गाडीला वायर जोडली की पडद्यावर आजाराचं नाव येतं. सोय आहे, नाही म्हणत नाही. पण त्या पडद्याला कुणी "काय बोलते ती?" असं विचारत नाही, म्हणून मला त्याची थोडी कीव येते.

पावसाळ्यात मडम बाहेर पडत नसे. आईची आगोट, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची बांधाबांध, हा आमच्या घरातला मोठा सोहळा. मीठ, मिरची, सुकी मासळी, आमसुलं, फणसपोळी, सगळ्यांची तोंडं बांधायची, सगळ्या फटी बुजवायच्या. पावसाचं पाणी कुठून शिरेल याचा आईला जणू वास यायचा. फणस कापले की ती त्यांचा चीक काठीला गुंडाळून गोळा करून ठेवायची. तो विस्तवावर तापवून बादलीची भेग, कंदिलाची फट, पत्र्याचं भोक, जे दिसेल ते बुजवायची आणि वरून राखेचं बोट फिरवायची. तिनं बुजवलेलं पुढच्या मे महिन्यापर्यंत हूं की चूं करत नसे. त्या वर्षी बाहेर पाऊस धो धो कोसळत असताना आमच्या घरात एक थेंब आला नाही, आणि माटवाखालची मडमही ताडपत्रीत कोरडी ठणठणीत राहिली.

पाऊस सरला, नवरात्र आलं, आबांनी मडमेला हँडल मारून जागं केलं. पहिल्या झटक्यात सुरू झाली. बाजारात गेली, जेटीवर गेली, सुतासारखी सरळ. मग आबा हौसेनं तिला हातखंब्याच्या रस्त्याला लांबवर घेऊन निघाले, आणि चढावर मडम एकदम दमली. आचके दिले, आणि गप्प. तिथून आमचे भोग सुरू झाले. गावात फिरवा, काही तक्रार नाही. गावाबाहेर जरा लांब काढा की कुठेतरी मध्येच बसकण मारणार. तास-दीड तासानं पुन्हा अशी सुरू व्हायची की जसं काही झालंच नाही. आई म्हणायची, "माहेराला निघालं की पोट दुखतंय तिचं."

बिघाड शोधायची आबांची एक बोटीवरची शिस्त होती, आणि ती ते कधी मोडत नसत. गाडी थांबली की आधी किल्ली बंद करायची. मग साउंडिंग. बोटीवर टाकीत किती तेल आहे ते गज सोडून मोजतात, त्याला साउंडिंग म्हणतात. मडमेचा पेट्रोलचा काटा कधीच मेला होता, म्हणून आबांनी आईच्या झाडूतला एक लांब हीर उपसून त्यावर चाकूनं खुणा केल्या होत्या. ते स्वतः मागे जाऊन टाकीचं झाकण उघडायचे, हीर बुडवायचे, ओली खूण बघायचे, झाकण लावायचे. पेट्रोल आहे, म्हणजे तो संशय संपला. मग पुढे येऊन किल्ली फिरवायची आणि मला विचारायचं, "पंप बोलतोय?" मी कान लावायची. टिकटिक चालू. "बोलतोय!" म्हणजे पंप निर्दोष. मी प्रत्येक वेळी अगदी खरं तेच सांगत होते.

एवढं झालं की आबा बाकीच्यांची झडती घ्यायचे. एकदा कार्बोरेटर रस्त्यातच धोतराच्या फडक्यावर खोलून फुंकला. गाडी चालू झाली. "कचरा होता," आबा म्हणाले. पुढच्या वेळी पुन्हा बंद पडली, तेव्हा ठिणगी पाडणारे पॉइंट घासले; चालू झाली. "पावसाची सर्दी धरलेली." तिसऱ्यांदा कॉइलवर ओलं फडकं गुंडाळलं, चालू झाली. "गरम होते ती." दर वेळी जे शेवटी केलं त्याचा विजय व्हायचा, आणि पुढच्या सहलीत त्याचं नाक कापलं जायचं. गावातल्या गॅरेजवाल्यानं सांगितलं की इंजिनच उतरवायला हवं. आबांनी तेही केलं असतं, पण खोलून झालेलं काही पुन्हा खोलण्यात त्यांना रस उरला नव्हता. दसऱ्यानंतर त्यांच्या अंगणातल्या येरझाऱ्या पुन्हा सुरू झाल्या. आई चुलीपुढून मान वळवून बघत राहायची.

दिवाळीच्या तोंडावर बबनकाका आले. हे आमच्याच वाडीतले, मुंबईत बोटीवर माणसं चढवायचं काम करायचे. ओटीवर बसून त्यांनी चकल्या खाल्ल्या, चकल्यांचं कौतुक केलं, आणि मग आबांच्या कानाशी वाकले. "एक बोट हाय. जुनं इंजिन. तुझ्यासारखा हात पायजे. दोन वर्सांचं बोल." आबांनी माटवाकडे बघितलं. तिथे मडम बॉनेट उघडं टाकून उभी होती, डॉक्टरनं तोंड उघडायला सांगून विसरून जावं तशी.

"भाऊबीज होऊ दे," आबा म्हणाले. "हिला पूर्णगडाला माहेरी न्यायची हाय. मडमेनं पूर्णगड गाठलान तर बघू. नाय गाठलान, तर येतो मी. एक विलायती डबा मला समजत नसंल तर घरात बसून मी काय ते माड मोजू?"

आत आईच्या हातातला झारा कढईवर आपटला. बबनकाका गेल्यावर ती मला मागच्या पडवीत घेऊन गेली. आईनं माझा हात असा कधी धरला नव्हता. "बाय, ती सवत पूर्णगडाला पोचली पायजे," ती म्हणाली. "काय वाट्टेल ते कर. मी तिच्यात बसतंय, तिला ओवाळतंय, पन पोचव." मला तेव्हा आबांचा राग आला होता. गाडीच्या एका फेरीवर घराचा सौदा लावणारा हा कसला माणूस, असं वाटलं होतं. आज माझं वय त्यांच्या त्या वेळच्या वयाच्या पुढे गेल्यावर वाटतं, ते घाबरले होते. ज्या माणसानं जन्मभर बंद पडलेलं चालू केलं, त्याला अंगणात हरायचं नव्हतं. हरायचंच असेल तर घरापासून लांब, समुद्रावर.

भाऊबीजेला सकाळी आईनं खरोखरच मडमेला ओवाळलं. बॉनेटला कुंकू लावलं, चाकाखाली नारळ फोडला आणि नवी इरकली नेसून, मांडीवर ओवाळणीचं ताट आणि करंज्यांचा डबा घेऊन मागच्या सीटवर बसली. दोन्ही हातांनी पुढची सीट घट्ट धरली होती. बाजारातून जाताना ओळखीच्या बायका बघत राहिल्या आणि आईनं या वेळी मान फिरवली नाही. भाट्याच्या पुलावर वारा आत शिरला, खाली खाडीत होड्या डुलत होत्या, आणि मडम अशी तालात चालली होती की आबा गुणगुणायला लागले. पूल संपला, चढण लागली. मी पुढच्या सीटवर डोळे मिटून फक्त ऐकत होते. गोळपचा सडा आला. दोन्हीकडे काळा कातळ, त्यावर करपत चाललेलं गवत. तिथे मला तिच्या आवाजात दम लागल्याची खूण आली. आबांना ती पायाखाली कळली असणार, कारण गुणगुणणं थांबलं. एक आचका. दुसरा. मडम रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

आई ताट सावरून बसली होती. आबा दार उघडून उतरले, नेहमीसारखे मागे गेले नाहीत, बॉनेटपाशीही गेले नाहीत. सरळ समोरच्या दगडी गडग्यावर जाऊन बसले आणि बिडी पेटवायला लागले. वाऱ्यानं काडी विझायची, ते दुसरी ओढायचे. मी जवळ गेले. "आबा, बघू या ना!"

"काय बघायचं ऱ्हायलंय?" ते म्हणाले. "तूच घे साउंडिंग. बबनला सांगतो मी."

हीर घेऊन मी मागे निघाले, आणि मला ऐकू आलं. आबा रागानं उतरले होते. जन्मात पहिल्यांदा शिस्त मोडून किल्ली चालूच ठेवून. पुढून पंप बोलत होता. पण ही आपली टिकटिक नव्हती. टक्. मग खूप वेळ काही नाही. मग पुन्हा, ओझं ओढणाऱ्या बैलासारखा, टक्. मी हात झाकणावर ठेवला आणि फिरवलं. झाकण एरवीपेक्षा घट्ट होतं. ते सैल झालं मात्र, टाकीनं लांब श्वास आत ओढला. सूंऽऽऽ. आणि त्याबरोबर पुढे पंप सुटला. टिकटिकटिकटिक, सुटका झाल्यासारखा.

मी तिथेच कातळावर बसले. दर वेळी हेच झालं असणार. आबा झाकण उघडायचे, हवा आत जायची, आजार तिथेच बरा व्हायचा. आणि ती सूं आबांच्या कानांच्या पलीकडची, मी तर पुढे बॉनेटपाशी. झाकण लावून ते पुढे यायचे तोवर पंप ठणठणीत, आणि मी खरं खरं सांगायची की बोलतोय. नंतरचा तास-दीड तास आम्ही बऱ्या झालेल्या रोग्याला औषध पाजत होतो. मी झाकण उलटंसुलटं करून बघितलं. मधोमध बारीक भोक असायला हवं होतं, टाकीत हवा जायला. तिथे एक तपकिरी, गुळगुळीत ठिपका होता, वर राखेचा हात फिरवलेला. असा ठिपका आमच्या बादलीवर होता, कंदिलावर होता, परसातल्या पत्र्यावर होता.

मी वर बघितलं. आई गाडीतून उतरून माझ्या मागे उभी होती, ताट हातात तसंच.

"ते मीच बुजवलंय," ती म्हणाली. "मिरगाच्या आधी. पावसाचं पानी आत जाईल म्हनून. का गो?"

"आई, टाकीत हवा जात नाही. पेट्रोल ओढलं जात नाही."

आईनं क्षणभर झाकणाकडे बघितलं. दर महिन्याला गोडेतेलाचा डबा फोडताना ती दोन भोकं पाडायची. एकातून तेल, एकातून वारा. नाहीतर धार पडत नाही, हे मला तिनंच शिकवलं होतं. तिचा चेहरा हळूहळू उतरला. "म्हंजे तेलाच्या डब्यासारखं?" ती पुटपुटली. "म्हंजे मीच त्यांना बोटीवर धाडीत होतंय?"

आबा पाठमोरे गडग्यावर बसलेले. त्यांना यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. मी ठिपका नखानं काढून टाकला असता, गाडी चालू केली असती, कचरा होता म्हणून सांगितलं असतं. तसं मी आईच्या कानात म्हटलंही. आईनं ताट माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि ती आबांकडे चालत गेली. त्यांच्या उजव्या कानाशी वाकली. आणि ज्या बाईनं जन्मात नवऱ्याला नावानं हाक मारली नव्हती, जी चारचौघांत त्यांच्याशी दोन वाक्यांवर बोलली नव्हती, ती गोळपच्या उघड्या सड्यावर, गुरं राखणारी एक म्हातारी ऐकत उभी असताना, जीव खाऊन ओरडायला लागली.

"झाकनाचं भोक मी बुजवलंय! फनसाच्या चिकानं! गाडीला जपत होतंय मी! ती हाय म्हनून तुम्ही घरात हाय, ते मला कळत नाय काय? तुम्ही बोटीवर गेलात की माझ्या घशाखाली सार उतरत नाय!"

आबांच्या ओंजळीतली काडी जळत बोटापर्यंत आली. त्यांनी ती टाकली. मग तोंड वर करून, कानामागे हात धरून म्हणाले, "काय? वारा हाय. परत सांग."

आई लाल झाली होती. म्हातारी गुरं सोडून चार पावलं पुढे आली होती. आईनं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा ओरडली, पण या वेळी नुसतं, "भोक मी बुजवलंय! फनसाच्या चिकानं!" बाकीचं तिनं गिळलं.

आबा उठले. मागे येऊन माझ्या हातातून झाकण घेतलं, उन्हात धरलं, त्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता फुटतील. ते फुटले, पण हसत. खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. "काय काम केलंन! काय पक्कं काम!" ते म्हणाले. "बोटीवर असा फिटर मिळाला नाय मला." त्यांनी आईपुढे झाकण धरलं. आईनं अंबाड्यातला आकडा काढला आणि स्वतःच ते भोक मोकळं केलं, ओठ दाबून, सुईत दोरा ओवते तेवढ्या काळजीनं. मग फुंकर मारून आरपार बघितलं.

मडम पावसवरून गेली, पूर्णगडाचा उतार उतरली, मामांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. डावीकडे वळताना मी चापट मारायची विसरले आणि तो पिवळा हात तसाच बाहेर राहिला. मामांनी सकाळीच ताजी सुरमई आणून ठेवली होती. आईनं भावाला ओवाळलं आणि दुपारी अशी जेवली, की मामी वाढता वाढता थांबली. तिरफळं घातलेलं सार ती वाटीनं पीत होती. आबा समोर बसून शांतपणे काटे काढत होते, एकदोनदा त्यांनी तिच्या वाटीकडे बघितलं. मी आबांना सड्यावर काय ऐकू आलं आणि काय नाही, याचा विचार करत होते. वाईट वाटत होतं, की ऐकण्यासारखं जे एकच वाक्य होतं ते वाऱ्यावर गेलं.

दोन दिवसांनी बबनकाका आले. पुन्हा ओटी, पुन्हा चकल्या. आई आत पाट्यावर वाटण वाटत होती, दारातून ताज्या बांगड्याची टोपली नुकतीच आत आली होती. बबनकाकांनी आबांच्या कानाशी वाकून विचारलं, "मग? काय ठरलं?"

"जमायचं नाय बबन," आबा म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसे मोठ्यानं, साऱ्या वाडीला ऐकू जाईल असे. "मी बोटीवर गेलो की हिच्या घशाखाली सार उतरत नाय."

आतला वरवंटा थांबला. मी उंबऱ्यात उभी होते. एकीकडे आबा चकली मोडत होते, दुसरीकडे आई वाटणाचे हात तसेच धरून दाराकडे बघत होती.

"बहिरा मेला," ती म्हणाली, आणि पुन्हा वाटायला लागली.